पाठ नसलेलं पान

समोर कोणी बसलं की नंबरकाका आधी त्याचा चष्मा उतरवून घ्यायचे, शर्टाच्या खिशातल्या फडक्यानं पुसायचे आणि परत द्यायचे. मग बोलायला लागायचे.

नवीन पुस्तक हाती आलं की मधलंच एखादं पान उघडायचे. पहिल्या पानावर सगळे नवे कपडे घालून बसलेले असतात, असं त्यांचं म्हणणं.

जेवताना वाचायचे. चालताना वाचायचे नाहीत. एकदा खांबावर आपटले होते, आणि तो खांब ते ओळखीचा माणूस दाखवावा तसा दाखवायचे.

पान दुमडायचे नाहीत. खुणेसाठी चष्म्याची तुटकी काडी घालायचे. त्यांच्या प्रत्येक पुस्तकातून एक काडी बाहेर डोकावायची.

आवडलेलं वाक्य दोनदा वाचायचे. दुसऱ्यांदा चष्मा काढून, कागद नाकाशी धरून.

पुस्तक परत आलं की "आवडलं का?" असं विचारायचे नाहीत. "कुठे थांबलात?" असं विचारायचे. आवडलं का विचारलं की लोक खोटं बोलतात, म्हणायचे. कुठे थांबलात विचारलं की बेसावध असतात.

एमेला या सवयी मुद्दाम आठवाव्या लागत नसत. चार वर्षं ती दुपारच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात जाऊन बसत होती.

दुकान चष्म्यांचं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची. फ्रेमांच्या कपाटांना खालच्या बाजूला लांबट खण होते. त्यात गिऱ्हाइकाला वाटे जास्तीचा माल असेल. खरं तर त्यात पुस्तकं होती, साडेआठशेच्या आसपास, आणि कुठलं कुठे आहे हे काकांना झोपेतही सांगता आलं असतं. गल्लीत त्यांना सगळे नंबरकाका म्हणत. काकूंचं मत वेगळं होतं. "जगाच्या डोळ्यांत बॅटरी मारतात," त्या म्हणत, "घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते दिसत नाही."

एमे पहिल्यांदा आली ती डोकं दुखतं म्हणून. काकांनी तिला खुर्चीत बसवलं आणि शिंप्याची टेप काढली.

"वाचता कसं?"

"म्हणजे?"

"बसून, पडून, पालथं पडून, गॅसपाशी उभं राहून. प्रत्येकाचं अंतर वेगळं. काच अंतराची करायची असते. डोळ्याची करून भागत नाही."

ती म्हणाली, कुशीवर. त्यांनी तिला खरोखरच मान वाकडी करायला लावली आणि नाकापासून कागदापर्यंत टेप धरली. कागद म्हणजे चष्मेवाल्यांकडे असतं ते छापील कार्ड नव्हतं. ते एका कादंबरीचं सुटं पान होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. काका पुस्तक कधी फाडत नसत. रद्दीवाल्याकडे ज्या पुस्तकांचा जीव गेलेला असे त्यांची शाबूत पानं ते निवडून आणत. अशी चाळीस-एक पानं त्यांच्याकडे होती, अक्षराच्या आकाराप्रमाणे लावलेली. माणूस पान वाचायचा, नंबर निघायचा, आणि खुर्चीतून उठता उठता तो हमखास विचारायचा की पुढे काय झालं. मग खण उघडायचा. ज्यानं जन्मात पुस्तक धरलं नाही असा प्लंबर त्या खुर्चीतून उठून तीन कादंबऱ्या घेऊन गेल्याचं एमेनं पाहिलं होतं.

तिनं तेव्हा पान वाचलं आणि म्हणाली, "भाषा फार फुगीर आहे."

"नंबर वाढलाय," काका म्हणाले. "मत शाबूत आहे. शिकलात काय?"

"एम.ए. साहित्य."

"आणि काम?"

"समोरच्या छापखान्यात. कंप्युटरवर फॉर्म आणि पावत्या जुळवते."

"म्हणजे लेखनच की."

"पावती कोण वाचतं?"

"घेणारा वाचतो. खालची ओळ तर तोंडात बोट घालून वाचतो. एवढा वाचक कवीला मिळत नाही."

त्या दिवसापासून तिचं नाव एमे पडलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयात वाचकांची बैठक भरे. पंधरा-वीस माणसं, खुर्च्या चाळीस. काका शेवटच्या रांगेत बसत. एकदा बाहेरगावाहून एक नावाजलेले लेखक आले होते. कादंबरीच्या भवितव्यावर तासभर बोलले. मग लोक सह्या घ्यायला गेले. काकाही रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "उजव्या भिंगाचा मध्य सरकलाय तुमचा. म्हणून तुम्ही मान तिरकी करून वाचता." लेखकाला ती आपली लकब वाटत होती. एमेनं तोंड फिरवलं आणि पुस्तकांच्या कपाटात डोकं घातलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "हसलीस ना? पण माणूस बोलला चांगला. दोन वाक्यं लिहून घेतली मी."

त्यांनी स्वतः कधी एक ओळ लिहिली नव्हती. "वाचणारेही लागतात ना कोणीतरी," म्हणायचे. "सगळेच वाढायला उठले तर जेवायचं कोणी?"

वाचायचं वेड त्यांना बाईंनी लावलं. बाई म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौऱ्याहत्तर, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अर्ध्या वस्तीनं त्यांच्या हातची पट्टी खाल्ली होती. काका सातवीत असताना त्यांनी वर्गात एक कादंबरी वाचून दाखवली होती, रोज थोडी थोडी. त्यातलं बोटीवरचं एक पान होतं. ते ऐकताना आपण श्वास घ्यायला विसरलो होतो, हे काका आजही तितक्याच सरळपणे सांगत, जसं एखादा सांगतो की मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या.

तर बाई एका दुपारी दुकानात आल्या.

"लांबचं मला स्वच्छ दिसतं रे. वाचायचं तेवढं बघ. अक्षर जरा पळतं."

एमे तेव्हा स्टुलावर बसली होती. तिला ते सगळं दिसलं. बाईंचा उजवा डोळा लहानपणापासून आळशी. आयुष्यभराचं वाचन एकट्या डाव्या डोळ्यानं केलेलं. हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी तपासणीची जड फ्रेम बाईंच्या नाकावर ठेवली, उजव्या बाजूला काळी चकती घातली. भिंतीवरचा लांबचा तक्ता दाखवायला हवा होता. तो त्यांनी वगळला. मग पाकिटं चाळली. एमेनं पाहिलं, ते बरोब्बर काय शोधत होते ते. तेच बोटीवरचं पान होतं. रद्दीत ते सापडलं तेव्हा त्यांनी तिला पेढा मिळाल्यासारखं दाखवलं होतं.

बाईंनी पान धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

तसं वाचणं एमेनं कधी ऐकलं नव्हतं. पाच वर्षं विद्यापीठात काढूनही नाही. कुठे अडखळणं नाही, कुठे नाटक नाही. डोळे अर्धे मिटलेले. एका गिऱ्हाइकानं बाहेरून "काका, माझी फ्रेम झाली का?" असं विचारलं, तर काकांनी वळून न बघता हात वर केला. पान संपलं. काकांनी ते परत पाकिटात सरकवलं.

"एकदम स्वच्छ," ते म्हणाले. "पाव नंबरानं वाढवतो, म्हणजे ताण पडणार नाही."

पुढचे सात महिने बाई नव्या चष्म्यानिशी पुस्तकं नेत राहिल्या. महिन्याला एक. परत करायला आल्या की काका विचारायचे, "कुठे थांबलात, बाई?" आणि बाई म्हणायच्या, "थांबते कसली. एका दमात संपवलं." काका खूश व्हायचे. एमेला म्हणायचे, "बघ, या वयात. आणि तू दोन आठवडे एका पुस्तकावर बसतेस."

सातवं पुस्तक कोरं करकरीत होतं. काकांनी स्वतःही न वाचता बाईंना आधी दिलं होतं. ते परत आलं त्या दुपारी एमे दुकानात गेली, तेव्हा काका पुस्तक हातात घेऊन उभे होते.

"हे बघ."

एक्कावन्न आणि चौपन्न नंबरची पानं वरच्या कडेला जोडलेली होती. मधली दोन पानं आत बंद.

"कटिंगला राहिलंय," एमे म्हणाली. छापखान्यातलीच ती. "मशीनची चूक."

"ती मशीनची," काका म्हणाले. "माझी कुठली ते बघून येऊ चल."

शटर अर्धं ओढून ते निघाले. रस्त्यात खांबही दाखवला नाही.

बाईंच्या घरी टेबलावर वर्तमानपत्रांची चळत होती, प्रत्येकाला रबरबँड तसंच. रेडिओ चालू होता. बाईंनी दोघांना बसवलं आणि चहा टाकायला निघाल्या. कप हातानं चाचपून घेतला.

"बाई, ही दाराची चौकट कशी दिसते?" काकांनी विचारलं.

"वाकडी. मधे पोट आलंय तिला. सुताराला किती दिवस सांगतेय, तो म्हणतो सरळ आहे. हल्लीचे सुतार."

चौकट सरळ होती.

काकांनी आपल्या हातानं बाईंचा उजवा डोळा झाकला. "माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "कान दिसतात," त्या म्हणाल्या. "मधे धूर."

डोळ्याच्या दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी नंबर लागला. पडद्याच्या मध्यभागी सूज होती, खाली रक्त साकळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बाईंना नीट समजावलं: दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन, किती परत येईल ते सांगता येत नाही, पण वाचण्यापुरतं आलं तर नशीब. काकांना त्या बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या, "सात महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर मी नशिबाचं नाव काढलं नसतं." त्या तावातावानं बोलल्या नाहीत. काका मान हलवत राहिले. एमेला वाटलं, डॉक्टरीणबाई अजून काहीतरी बोलतील तर बरं. त्या आत निघून गेल्या.

काकांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंकडे गेले. एमेला सोबत नेलं. एकट्यानं जायचा धीर नसावा.

"बाई, चूक माझी आहे."

"कशी काय?"

"ते पान तुम्ही तीस वर्षं शिकवलंत. तुम्हाला पाठ असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी तक्ता लावला नाही. मला ते ऐकायचं होतं."

बाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यावर हिरवी पट्टी.

"अरे, पण म्हणत कोण होतं? मी का तू?"

काका समोरच्या खुर्चीत टेकले.

"पानाच्या आकारावरून ओळखलं मी. मधे तो संवाद आहे ना, तुटक तुटक ओळींचा? बाकी काळं गिचमिड. म्हटलं, हेच ते. पुढचं तोंडातून आपोआप आलं. वाटलं होतं, तू मधे थांबवशील. तर तू तोंड उघडं टाकून बसलेला, सातवीतल्यासारखा."

"तुम्हाला माहीत होतं, दिसत नाही ते?"

"तुझ्याकडे कशाला आले होते मग? आणि आल्यावर भ्यायले. तू 'दिसत नाही' म्हणाला असतास तर ते खरं झालं असतं. माझ्याकडे दुसरं काय आहे रे? ना मूल ना बाळ, ना सुगरण. वाचता येतं एवढंच." त्यांनी पट्टी चाचपली. "दोघंही चोर. एकानं फसवलं, एकानं फसून घेतलं. आता चहा करा कोणीतरी."

एमे उठली आणि चहा केला. आतून तिला ऐकू येत होतं.

"पण आता इंजेक्शनानंतर तुम्ही किती वाचता हे मोजायचं कसं?" काका विचारत होते. "डॉक्टर आकडे दाखवतील. आकडे वाचता आले म्हणजे पुस्तक वाचता येतं असं नाही."

"पाठ नाही असं काहीतरी आण."

"तुम्हाला काय पाठ नाही?"

"तो तुझा प्रश्न."

काकांनी पहिल्या इंजेक्शनानंतर बरंच काही नेलं. जुन्या कथा नेल्या, नव्या नेल्या. एमेनं त्या मोठ्या अक्षरात छापून दिल्या. बाईंना एखादी ओळ लागली की पुढच्या तीन त्या मनानेच पूर्ण करत, आणि पुष्कळदा बरोबर असत. वैतागून काकांनी बसचं वेळापत्रक नेलं. बाई म्हणाल्या, "हे वाचायला डोळे परत येणार असतील, तर राहू देत."

मग एका दुपारी एमे दुकानात गेली तेव्हा काका पावतीपुस्तकातल्या पावतीच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते. तिला बघून त्यांनी हात आडवा धरला, परीक्षेत धरतात तसा.

"काय आहे?"

"काही नाही. एका माणसाला लाँड्रीतून दुसऱ्याचाच कोट मिळतो. खिशात किल्ली आहे. तो कोटाचा मालक शोधायला निघतो."

"मग?"

"मग काय ते मला काय माहीत?"

एमेनं ते छत्तीस पॉइंटच्या मोठ्या अक्षरात जुळवलं. एका पानावर जेमतेम सहा ओळी बसल्या. शुक्रवारी तिघं बाईंकडे जमली. बाईंनी पान डाव्या डोळ्यापुढे धरलं, तिरकं केलं, खिडकीकडे नेलं. अक्षर अक्षर लावत वाचू लागल्या. "निळ्याशार" या शब्दाशी आल्या आणि "आकाशाखाली" असं झटक्यात म्हणाल्या.

"हे वाचलंत?" काकांनी विचारलं.

"नाही. निळंशार म्हटलं की दुसरं येणार काय?"

काकांनी तिथेच खिशातून पेन काढलं आणि तो शब्द खोडला.

त्या दिवसापासून नियम ठरला. पुढचा शब्द ओळखता येईल असं काहीही लिहायचं नाही. काळीज आलं की ते धस्स होतं, म्हणून काळीज नको. अश्रू आले की ओघळतात, म्हणून रडणं नको. थंडी कडाक्याची, शांतता भयाण, हसू मंद, सगळं बाद. दुपारच्या सुट्टीत काका अर्धं वाक्य वाचून दाखवत आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवत. एमेनं ओळखायचं. ओळखलं की शब्द गेला. ती फार ओळखायची. पाच वर्षांत जे जे वाचलं होतं ते सगळं तिच्या जिभेवर तयार असायचं.

"शिक्षण वाया गेलं नाही हो तुझं," काका खोडता खोडता म्हणायचे. "प्रत्येक वाक्याला उपयोगी पडतंय."

एमे हसायची. पण रात्री तिनं स्वतःची कवितांची वही काढून बघितली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पुढचा शब्द ओळखला. मग वही परत ठेवली आणि त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.

काकांची वाक्यं मात्र हळूहळू विचित्र आणि साधी झाली. कोटवाला माणूस लाँड्रीवाल्याशी भांडत नाही, त्याला किल्ली दाखवतो आणि विचारतो की ही इस्त्री केलीत का. बसमध्ये त्याच्या शेजारी बसलेली बाई कोटाची बाही ओळखते, पण कोटाचा माणूस ओळखत नाही. काकू एकदा पान वाचून म्हणाल्या, "याला काही घरदार आहे की नाही? एवढी वणवण करतो, कोणी जेवलास का विचारत नाही." काकांनी पुढच्या पानात त्याला जेवू घातलं. काय जेवला ते लिहिलं नाही, ते ओळखता आलं असतं.

दर महिन्याला इंजेक्शन, त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी पान. छत्तीसवरून तीस, तीसवरून सव्वीस. प्रत्येक पान अक्षरानं लहान, मजकुरानं मोठं. बाई वाचायच्या आणि वाचून झाल्यावर तांबडी पेन्सिल मागायच्या. "इथे ओळखलं," म्हणून खूण करायच्या. पहिल्या पानावर अकरा खुणा होत्या, तिसऱ्यावर चार.

चौथ्या महिन्यात सूज परत आली. बावीसचं पान बाईंना लागेना. काकांनी एमेला तेच पान सव्वीसमध्ये काढायला सांगितलं. तेही नाही. मग तीसमध्ये.

"मागे जातोय आपण," बाई म्हणाल्या.

"पुस्तक वाचताना मागची पानं उलटत नाही का आपण?"

"मला समजूत घालू नकोस. तुला जमत नाही."

"नाही जमत," काका म्हणाले. तीसचं पान त्यांच्या हातात होतं ते त्यांनी टेबलावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग म्हणाले, "कोटवाला आता एका जिन्यात उभा आहे, बाई. दिवा गेलाय. मी त्याला तसाच उभा ठेवू शकत नाही. तुम्ही वाचल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही."

"मग राहू दे उभा महिनाभर. पाय दुखले तर त्याचे दुखतील."

महिन्यानंतर बावीस लागलं. मग वीस. अठराच्या पानावर तांबडी एकच खूण होती. सोळाचं पान बाईंनी खिडकीशी न जाता वाचलं, आणि संपल्यावर पेन्सिल मागितलीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यापेक्षा जास्त मी कबूल करत नाही, पण पुढच्या महिन्यात बघू. पुढचं अक्षर चौदा. पुस्तकांचं अक्षर साधारण तेवढंच असतं. चौदा जमलं तर बाई खण उघडून हवं ते घेऊन जाऊ शकणार होत्या. नाही जमलं तर सोळावर आयुष्य काढायचं होतं, आणि सोळात जगात एकच गोष्ट छापलेली होती, तीही अर्धी.

"शेवट ठरलाय का?" एमेनं काकांना विचारलं.

"ठरवला तर बाई ओळखतील."

"मग कसं करणार?"

"दारापर्यंत नेतो त्याला. मालकाचं दार. बेल वाजवू दे. पुढचं पुढे."

मंगळवारी सकाळी काका दुकानाला निघण्यासाठी बूट घालत होते. एक घातला. काकू आतून म्हणाल्या, डबा राहिला. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, दुसरा बूट हातात. अठ्ठावन्न वर्षांचे होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

एमेला छापखान्यात फोन आला. तेव्हा ती एका शाळेचा प्रवेश अर्ज जुळवत होती. तिनं तो पूर्ण केला. तपासला. छापायला दिला. मग पर्स घेतली आणि निघाली. नंतर तिला त्याची लाज वाटली, पण त्या वेळी दुसरं काय करायचं ते तिला कळलं नव्हतं. घरी गर्दी होती. लोक येऊन उभे राहत होते आणि काकांनी आपल्याला कुठलं पुस्तक दिलं होतं ते एकमेकांना सांगत होते. प्लंबर कोपऱ्यात उभा होता. त्यानं एमेला हळूच विचारलं की त्याच्याकडे दोन पुस्तकं आहेत, ती आता कोणाला द्यायची. तिनं त्या पुस्तकांची नावं विचारून घेतली.

बाई आल्या नव्हत्या. बाई आपल्या घरी बसून होत्या. एमे संध्याकाळी तिकडे गेली. बाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, "बस," आणि दोघी बसल्या. मग बाई म्हणाल्या, "माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. हजेरीत नाव शेवटून तिसरं." एवढंच.

तेराव्या दिवसानंतर काकूंनी एमेला दुकानाची किल्ली दिली. "तुला कळतं त्यातलं," म्हणाल्या. "मी गेले तर मला फक्त पसारा दिसेल."

पावतीपुस्तक खुर्चीपाशीच होतं. आठव्या पानाचा मजकूर पावतीच्या पाठीवर, नेहमीसारखा. खाडाखोड भरपूर. एमेनं तो पुढचे शब्द बोटानं झाकत, ओळखायचा प्रयत्न करत वाचला. एकही आला नाही. एकोणीस पूर्ण ओळी होत्या. विसाव्या ओळीत गोष्ट थांबली होती.

तिनं ते चौदामध्ये जुळवलं. कुठे काही सुधारलं नाही. पानाचा खालचा भाग कोरा राहिला.

शुक्रवारी ती बाईंकडे गेली. बाईंनी खुर्ची भिंतीकडची घेतली, खिडकीकडची नाही. चष्मा लावला. उजव्या डोळ्यावर स्वतःच तळहात ठेवला.

"कुठलं अक्षर?"

"चौदा."

बाई वाचू लागल्या. सुरुवातीला सावकाश. तिसऱ्या ओळीत एका शब्दापाशी थांबल्या, कागद जरा डावीकडे नेला, शब्द वाचला. मग वेग आला. वर्गात वाचायच्या तसं ते वाचणं नव्हतं. आवाज खरखरीत होता, आणि वाक्य कुठे वळणार आहे हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे सूर मधेच चुकत होता. कोटवाला जिना चढला. कोट हातावरून खांद्यावर घेतला. दारावर पाटी नव्हती, पाटीचे स्क्रू होते. त्यानं बेल वाजवली. आत कोणीतरी खुर्ची सरकवली.

"'दार उघडलं. दारात'," बाईंनी वाचलं, आणि थांबल्या.

मग त्यांनी कागदाच्या कोऱ्या भागावर बोट फिरवलं.

"पुढे नाहीये?"

"नाही."

बाईंनी तळहात काढला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळा पुसला, दुखऱ्या डोळ्याला सांगितलं आहे तसा, नुसता टिपून.

"कोण उभं होतं म्हणाला?"

"त्यांनी लिहिलं होतं आणि खोडलं होतं. चारदा."

"काय काय?"

"'दारात एक म्हातारी.' ते खोडलं. मग 'दारात कोणीच नव्हतं.' मग 'दारात तसाच कोट घातलेला माणूस.' मग 'दारात कुत्रं.'"

बाईंनी थोडा विचार केला.

"चारही मी ओळखले असते," त्या म्हणाल्या.

"हो. मीही."

एमेनं पर्समधून पावतीपुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी चष्मा परत लावला आणि स्वतः बघितलं. चारही शेवट खोडलेले होते. त्यांच्यापुढे काकांनी बारीक रेघ मारून पाचव्यासाठी जागा सोडली होती. पाचवा लिहिलेला नव्हता.